खजुरीला बांधलेली निळी रिबीन

निवृत्त होऊन नाशिकला परत आल्यापासून एक ठरलेला संवाद माझ्या वाट्याला येतो. "सौदीत काय करत होतात?" "शिक्षिका होते." "अरबी मुलांना शिकवायचात?" "नाही, आपल्याच." "म्हणजे आपलीच मुलं शिकवायला एवढ्या लांब गेलात?" आणि मग समोरचा माणूस माझ्याकडे असं बघतो, जणू मी नाशिकची द्राक्षं जहाजाने तिकडे नेऊन परत नाशिककरांनाच विकली असावीत. सुरुवातीला मी समजावून सांगायची. आता नुसतं "हो" म्हणते आणि चहाचा कप पुढे करते.

पण दिवाळी अंकात जागा मिळालीच आहे, तर एकदा नीट सांगून टाकते.

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, कतीफपासून गाडीने फार लांब नाही अशा एका गावात आमची शाळा होती. शिकणारी सगळी भारतीय मुलं. अभ्यासक्रम दिल्लीचा, शुल्क रियालमध्ये आणि सुट्टी शुक्रवार-शनिवारी. मुलांची इमारत वेगळी आणि मुलींची वेगळी. मी मुलींना सामाजिक शास्त्र शिकवायची, म्हणजे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र. ज्या विषयाला आईबाप 'तो काय, पाठ करून होतो' म्हणतात, तो विषय.

मुलींची शाळा एका भाड्याच्या बंगल्यात भरायची. बंगला बांधला होता एका मोठ्या अरबी कुटुंबासाठी, त्यामुळे शाळा म्हणून तो जरा विचित्रच दिसे. पुरुष पाहुण्यांना बसवायची मजलिस आमची स्टाफरूम झाली होती. स्वयंपाकघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, सिंक आयतंच मिळालं. दिवाणखान्यातलं भलंमोठं झुंबर काढायला मालकाने नकार दिला होता, म्हणून आठवी ब त्या झुंबराखाली फ्रेंच राज्यक्रांती शिकत असे. परिणाम चांगला व्हायचा.

सकाळी एकामागून एक बसगाड्या यायच्या. पेट्रोकेमिकल कंपन्यांच्या कॅम्पमधून इंजिनिअरांच्या मुली, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून नर्सबाईंच्या, बाजारातल्या दुकानांवरच्या फ्लॅटमधून दुकानदारांच्या आणि सुपरवायझरांच्या. डबे उघडले की भूगोलाचा तास आपोआप व्हायचा. पुट्टू, इडली, दम का कीमा, आलू पराठा आणि त्यात कुठेतरी आमच्या चारदोन मराठी मुलींची गुंडाळलेली पोळी-भाजी. शाळेत मराठी कानावर पडायचं ते फक्त डब्याच्या सुट्टीत. मी मराठीत हाक मारली तरी उत्तर इंग्रजीत यायचं.

एक नियम सांगायलाच हवा, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मुलींच्या शाळेत पुरुषांना यायला मनाई. नळ फुटला, दिवा गेला, तरी प्लंबर गेटवर उभा राहायचा. मग वॉचमन घंटा बडवून ओरडायचा, "मॅन कमिंऽऽग!" की सगळ्या जणी पटापट काळ्या, पायघोळ अबाया चढवायच्या आणि वर्गांची दारं बंद व्हायची. तो बिचारा प्लंबर मान खाली घालून, भूत पाहिल्यासारखा पळत आत यायचा आणि पळत बाहेर जायचा. आता हे सगळं बरंच सैल झालंय. तेव्हा नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी आठवीला एक प्रकल्प असायचा, 'माझं गाव'. या प्रकल्पाची मला मनापासून चीड होती. कारण तो मुली करायच्याच नाहीत, त्यांचे वडील करायचे. एका सिव्हिल इंजिनिअरने कॅरममधल्या पावडरीचे रस्ते आणि खरोखर उघडणारे बंधाऱ्याचे दरवाजे असलेलं मॉडेल पाठवलं होतं. मी मुलीला विचारलं, "या गावाचं नाव काय गं?" तिने खाली लावलेली चिठ्ठी वाकून वाचली. तिचंही काय चुकलं म्हणा. वर्षातून एकदा, तिकडच्या उन्हाळी सुट्टीत म्हणजे इकडच्या भर पावसात, आजीकडे भजी खायला जायचं आणि ताप काढून परत यायचं, एवढंच तिचं ते गाव.

म्हणून त्या वर्षी मी जाहीर केलं, की 'माझं गाव' म्हणजे जिथून तुमची बस रोज सकाळी निघते ते. इथलं. हेच.

लगेच पहिल्या बाकावरची सानिका उभी राहिली. ती नाशिकचीच, म्हणजे तिचे आईवडील. वडील प्लँटमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर. ती जन्मली मात्र इथल्याच हॉस्पिटलात. दोन वेण्या, निळ्या रिबिनी आणि शिक्षकांना पेचात पकडायची खोड. माझी लाडकी होती, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

"मिस, धिस इज नॉट अवर प्लेस," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून मराठीत आली. "म्हणजे, इथं आपल्या नावावर काहीच नसतं ना. घर कंपनीचं, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, तो कफीलच्या, बाबांच्या मालकाच्या हातात. बाबा म्हणतात, आज सांगितलं तर उद्या बॅगा भरायच्या. मग हिस्टरी कशाची लिहायची?"

सत्तावीस मुली माझ्याकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं शिकवून मला याचं उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "बस खाली. बघू." शिक्षक हे वाक्य तेव्हाच वापरतात.

मी बघितलं ते असं, की ओपन हाउसच्या दिवशी, म्हणजे मुलींच्या वडिलांना शाळेत यायची मुभा असते त्या दिवशी, बंगल्याचे मालक अबू हसन यांना बोलावलं. अबू हसन म्हणजे हसनचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तीच आदराची. मूळ कतीफचे. साठी ओलांडलेले, स्वच्छ पांढरा पायघोळ थोब, मोठ्याने हसणारे. दुभाषी म्हणून आमच्या अरबीच्या शिक्षिका, हैदराबादच्या सुमय्या मिस, मदतीला घेतल्या. त्या अरबी अस्खलित बोलायच्या, पण भाषांतर थेट हैदराबादीत करायच्या.

अबू हसन रंगात आले. त्यांच्या लहानपणी कतीफमध्ये जमिनीतून झरे उसळायचे, पोरं त्यात दिवसभर डुंबायची आणि आया काठी घेऊन शोधायला यायच्या. आता झरे आटले. त्यांचे आजोबा खुनैझी जातीचा कच्चा खजूर मोठ्या कढईत उकळून, वाळवून, गलबतांत भरून पाठवायचे. कुठे? "मुंबई!" हा शब्द भाषांतराशिवाय कळला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आमच्या घरच्या डिंकाच्या लाडवांतली खारीक कदाचित याच माणसाच्या आजोबांनी उकळलेली असेल. हे मी मुलींना सांगितलं, तेव्हा मराठी, गुजराती मुली तर उठूनच उभ्या राहिल्या.

मग सानिकाने खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "आणि ते झाड कुठल्या जातीचं?"

गेटजवळ, पाण्याच्या टाकीला खेटून, एक खजुरीचं झाड होतं. दीड पुरुष उंच, झावळ्या अस्ताव्यस्त. त्याच्याकडे कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्याच्या सावलीत मुली डबा खायच्या एवढंच. अबू हसन उठून खिडकीशी गेले, बघितलं आणि हसले.

"उनो बोल रैं, ये तो लावारिस है बोलके," सुमय्या मिस म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. खजुरीचं चांगलं झाड बीपासून करत नाहीत. आईच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती काढून लावायची, म्हणजे आईची जात मुलीत तशीच उतरते. बीतून आलेल्या झाडाचं काही सांगता येत नाही. अर्धी तर नरच निघतात आणि उरलेल्यांची फळं बहुतेक शेळ्यांना घालायच्या लायकीची. हे झाड त्यांनी लावलेलं नव्हतं. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी मुलीने डबा खाऊन झाल्यावर खजुराची बी थुंकली आणि टाकीच्या गळक्या पाण्यावर ती उगवली. सुदैवाने मादी दिसत होती, कारण दरवर्षी तिला हिरवट, बारीक, न पिकणारी फळं धरायची आणि गळून जायची. नराचा फुलोरा तिला कधी कुणी दिलाच नव्हता.

"आणि फळ चांगलं निघालं तर?" सानिकाने विचारलं.

लाखात एखादं निघतं, अबू हसन म्हणाले. मग त्याला नवं नाव मिळतं. नब्तत अमुक, म्हणजे अमक्याचं उगवलेलं. बाजारात नब्तत सैफ मिळतो, तो असाच. हा सैफ कोण, ते आता कुणालाच ठाऊक नाही. असेल कुणी जुना म्हातारा. नाव मात्र घरोघरी.

जाता जाता त्यांनी एक बातमीही दिली. बंगल्यांतल्या शाळांनी आता रीतसर इमारतींत जायचं होतं, तसा हुकूमच होता. उन्हाळ्यात आम्ही हललो, की ते बंगला पाडून फ्लॅट बांधणार होते. झाड? ते तर पहिल्याच दिवशी जाणार. जेसीबीला वाट लागते.

दुसऱ्या दिवशी आठवी ब चं शिष्टमंडळ माझ्यासमोर. झाड वाचवायचं. मी म्हटलं, मालक ते, झाड त्यांचं. सानिका म्हणाली, "पण मिस, ते तर म्हणाले, लावारिस आहे." नागरिकशास्त्र मीच शिकवलेलं, कुणाला सांगणार! मी सुमय्या मिसला फोन लावायला सांगितलं. अबू हसन भरपूर हसले आणि म्हणाले, ठीक आहे. या वसंतात तिला फुलोरा द्या. उन्हाळ्यात फळ पिकेल, ते मी खाऊन बघेन. चांगलं निघालं, तर क्रेन लावून कतीफला माझ्या बागेत नेईन. वाईट निघालं तर जळण. यल्ला, तोवर बंगल्याला हात लावत नाही.

झाडाचा जीव आता एका घासावर आला होता.

घरी मी हे सगळं श्रीधरला सांगितलं. श्रीधर माझा नवरा, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, मूळचा गुहागरचा आणि झाडांच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला कुणी काही शिकवू नये या मताचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शुक्रवारी, शाळा बंद असताना, वॉचमनला पटवून आत शिरला. परतला तो हात झटकत. "झालं काम. बुंध्याशी आळं करून चांगलं पोतंभर मीठ घातलंय."

"मीठ?"

"अगं, माडाला घालतात. माझे वडील घालायचे, आजोबा घालायचे. मिठाशिवाय फळ धरतंय होय!"

अबू हसनना हे कळलं, तेव्हा फोनवर बराच वेळ नुसताच खोकल्याचा आवाज येत होता. ते हसून हसून खोकत होते. समुद्राला खेटून असलेली कतीफ, जिथे विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ, जिथले लोक मातीतला क्षार धुऊन काढायला पिढ्यान्‌ पिढ्या राबले, तिथे एका हिंदी, म्हणजे भारतीय, इंजिनिअरने बाहेरून मीठ आणून घातलं! ते स्वतः पुढच्या शुक्रवारी आले, दोघांनी मिळून सगळं आळं उपसलं, भरपूर पाणी सोडलं आणि त्या दिवसापासून अबू हसन श्रीधरला 'अबू मिल्ह' म्हणू लागले, म्हणजे मिठाचा बाप. आम्हाला मूलबाळ नाही. श्रीधर म्हणाला, "चला, काही का असेना, अबू तर झालो." त्याला ते नाव फार आवडलं होतं, आणि मलाही.

फेब्रुवारीअखेर झाडाला पोय फुटली. पोय हा आमच्या घरचा कोकणी शब्द. फुलोऱ्यावरचं ते तपकिरी, होडीसारखं वेष्टन. ते तडकलं की चार दिवसांच्या आत नराच्या फुलोऱ्याच्या काड्या त्यात खोचाव्या लागतात, वारा आणि माश्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. हे काम कतीफमध्ये माणसं हातानेच करत आली आहेत. आमची पोय नेमकी रविवारी तडकली, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी. अबू हसन नराच्या काड्या कागदात गुंडाळून धावत आले, पण शाळा भरलेली, आणि दुपारनंतर ते आठवडाभर बाहेरगावी जाणार होते. पुरुषाला आत प्रवेश नाही. प्लंबरसारखं पळत येऊन पळत जाण्याचं हे काम नव्हतं. मुलींना शिडीवर चढवायला प्रिन्सिपल मॅडमनी साफ मनाई केली. उरले कोण?

पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी मी. सलवारीला सेफ्टी पिना लावून, प्रयोगशाळेतले हातमोजे घालून शिडीवर चढले. खाली अख्खी आठवी ब. गेटच्या दिंडी-दरवाजात सुमय्या मिस. आणि भिंतीपलीकडे, वॉचमनच्या खोलीत स्टुलावर, पाठ आमच्याकडे करून बसलेले अबू हसन.

ते अरबीत ओरडायचे. सुमय्या मिस ओरडायच्या, "काटे देखो बोल रैं! झावळी के काटे भौत बुरे!"

"लागले!" मी वरून.

"अब मादी का गुच्छा फैलाओ! उसमें नर की काड्यां उल्टी रखो! सीधी नक्को, उल्टी!"

"किती काड्या?"

सुमय्या मिस आत तोंड घालून विचारून यायच्या. "उनो पूछ रैं, गुच्छा कित्ता बड़ा है?"

"केवढा म्हणजे? हा एवढा!" मी हात पसरून दाखवला. शिडी डुगडुगली. खालून सत्तावीस किंकाळ्या. भिंतीपलीकडून अबू हसनची काळजीची हाक. तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम बाहेर आल्या. त्या कोट्टायमच्या, शिस्तीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी वर बघितलं.

"मिसेस जोगळेकर, इज धिस इन द सिलॅबस?"

"प्रोजेक्ट वर्क, मॅडम," मी झावळीतून म्हटलं.

त्या दोन पावलं पुढे आल्या. मग शिडी धरून उभ्या राहिल्या. त्या बाईंबद्दल मी नंतर कधी एक वाकडा शब्द बोलले नाही.

काड्या खोचून झाल्या, आता वरून सैलसर बांधायचं होतं. त्यासाठी झावळीच्या पातीची दोरी करतात. माझ्या हातात ती दोनदा तुटली, तिसऱ्यांदा खाली पडली. खालून सानिकाने वेणीची निळी रिबीन सोडली आणि हात उंच करून माझ्याकडे दिली. "मिस, ही बांधा."

बांधली, तीही चांगली सुरगाठ मारून. त्या दिवशी सानिका एक वेणी मोकळी सोडून हिंडली आणि गणवेश तपासणाऱ्या बाईंकडून डायरीत शेरा घेऊन घरी गेली.

पुढे आणखी तीन पोया फुटल्या. त्याही मी बांधल्या, पण पातीनेच. तोवर हात बसला होता.

मार्चमध्ये निकाल लागले आणि सानिकाच्या घरी ते पत्र आलं, ज्याची तिकडे प्रत्येक घराला मनातून धास्ती असते. वडिलांचं कंत्राट संपलं. फायनल एक्झिट. म्हणजे परतीचा व्हिसा नाही, पुन्हा येणं नाही. एप्रिलमध्ये निघायचं. जन्मली तिथून.

शेवटच्या दिवशी ती झाडापाशी उभी होती. हिरव्या गोट्यांसारखी फळं धरली होती आणि या खेपेला गळत नव्हती. मी जवळ गेले तर तिने वळून बघितलं नाही.

"मिस, मी गेल्यावर कळणार ना? ते गोड निघालं की नाही?"

"कळवेन की."

"आणि कडू निघालं तरी सांगाल ना? खरं?"

मी "हो" म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. तीही रडली. मग दोघी जणी डबा खायला गेलो.

ती गेली आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण केवढा घोळ करून ठेवला आहे. खजूर पिकतो ऑगस्टात. आणि जुलै-ऑगस्टात त्या गावात एक भारतीय बाई किंवा मूल औषधालाही सापडत नाही. शाळा बंद होतात आणि सगळे देशात. आमची तिकिटं तर जानेवारीतच काढलेली असतात, स्वस्त पडतात म्हणून. मालकाशी बोलणी केली, शिडी चढले, रिबीन बांधली, पण फळ पिकेल तेव्हा इथे असणार कोण, याचा विचार आम्हा एवढ्या शहाण्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

मागे उरतात ते नवरे. तिकडे त्यांना समर बॅचलर म्हणतात. खिचडी आणि अंडी यांवर दोन महिने काढतात. झाड श्रीधरच्या हवाली करण्यावाचून इलाज नव्हता. मी विमानतळावर त्याला एकच बजावलं, "मीठ घालू नकोस."

त्याने नाही घातलं. शाळा रिकामी झाली होती, आता आत जायला कुणाची आडकाठी नव्हती. रोज ऑफिस सुटलं की हा माणूस पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिकडे जाऊन पाणी घालायचा. बुलबुल टोचायला लागले तेव्हा त्याने घडांना माझी जुनी मच्छरदाणी कापून बांधली. शुक्रवारी अबू हसन यायचे, दोघे मोडक्या बाकावर बसून गावा पिऊन गप्पा मारायचे. गावा म्हणजे तिकडची कडू, वेलदोडा घातलेली कॉफी. याला अरबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. काय बोलत असतील, देव जाणे. मला फोनवर नुसतं सांगायचा, "पिवळा झाला." "लाल होतोय." "टोकाकडून मऊ पडलाय."

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी व्हिडिओ कॉल ठरला. मी माहेरी नाशिकला होते. सानिकाला बोलावून घेतलं. नवी शाळा, नवा गणवेश, केस कापलेले. वर्गात तिला सगळ्या 'सौदी' म्हणतात, असं तिच्या आईने मला दारातच हळूच सांगितलं. तिकडे आम्ही हिंदी आणि इकडे पोर सौदी.

पडद्यावर आधी श्रीधरचा अंगठा दिसला, मग झाड, मग अबू हसन. त्यांनी मच्छरदाणी सोडली. आत घडाच्या देठाला रिबीन अजून होती, उन्हाने जवळजवळ पांढरी पडलेली. सानिकाने माझा हात धरला.

अबू हसननी एक फळ तोडलं. फिरवून बघितलं. तोंडात टाकलं. डोळे मिटून चावायला लागले. इतकं सावकाश खाताना मी आयुष्यात कुणाला पाहिलेलं नाही. बी तळहातावर काढून तीही बघितली. मग दुसरं फळ तोडलं.

"काय म्हणतायत?" सानिका कुजबुजली.

"अजून काही नाही," श्रीधर म्हणाला.

तिसरं फळ खाल्ल्यावर अबू हसननी डोळे उघडले. "मिया मिया," म्हणाले. म्हणजे शंभर टक्के. तिकडे ही शेवटची पावती. मग त्यांनी ती रिबीन दोन बोटांत धरली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत थेट पडद्याला विचारलं, "ये किस का?"

मी सानिकाकडे बोट दाखवलं.

"इस्म? नाम क्या?"

"सानिका," ती म्हणाली.

"सानीका," त्यांनी म्हणून बघितलं, खजूर चाखावा तसं. मान हलवली. "खलास. नब्तत सानीका."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती पळत जी न्हाणीघरात गेली, ती बराच वेळ बाहेरच आली नाही. तिच्या आईला वाटलं, मी काहीतरी बोलले.

पाऊस नाही, वारा नाही, अशा एका सकाळी क्रेन आणून झाड मुळांसकट उचललं आणि कतीफला नेलं. दोन वर्षं रुसलं, मग सावरलं. बुंध्याशी पिल्लं फुटली, ती अबू हसननी भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्यांना वाटली. आमच्या शाळेला नवी इमारत मिळाली, खूप मोठी, खूप उजेडाची. तिच्यात झुंबर नव्हतं, त्यामुळे राज्यक्रांती जरा फिकी पडायची. 'माझं गाव' प्रकल्प मात्र नंतर कुणी परत बदलला नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही उन्हाळ्यात देशात आलोच नाही, कारण सामान आवरून कायमचंच यायचं होतं. त्यामुळे मला पहिल्यांदाच भर मोसमात कतीफचा खजूर-बाजार बघायला मिळाला. टोपल्याच टोपल्या. एका दुकानात, मागच्या बाजूला, लालसर तपकिरी खजुराची एक छोटी टोपली होती आणि वर पुठ्ठ्यावर अरबीत नाव. इतक्या वर्षांत एवढं वाचायला शिकले होते मी. पुन्हा वाचलं. श्रीधरला कोपर मारलं.

दुकानात एक तरुण पोरगा होता. अबू हसनचा कुणी लागत नव्हता, मी विचारलं. माल कुठल्यातरी बागेतून आलेला. मी माझ्या बाजारू अरबीत विचारलं, "ही सानीका कोण?"

तो खांदे उडवून म्हणाला, "असेल कुणी जुन्या काळची बाई. कतीफचीच. मोठी बाग होती म्हणे तिची."

मी त्याला दुरुस्त करायला तोंड उघडलं. इतिहासाची शिक्षिका मी, चुकीचं उत्तर ऐकून घ्यायची सवय नाही. पण श्रीधरने माझा हात दाबला, आणि मी तोंड मिटलं. टोपलीच उचलून घेतली.

नाशिकला आल्यावर पहिला डबा सानिकाला दिला. आता ती कॉलेजात आहे, भूगोल घेतलाय. मी तिला त्या दुकानदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिने डबा उघडला, एक खजूर तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. बी तळहातावर घेतली. मग डोळे पुसत हसायला लागली.

"मिस," ती म्हणाली, "केवढी मोठी होती म्हणाला तो, माझी बाग?"